मदत हवी आहे: कॉइलओव्हर बसवल्यापासून गाडी मागून उडते

रोडस्टर_राव
तीन शनिवार घालवून स्वतः कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-डॅम्परचे जोड) बसवले. आता गाडी मागून बेडकासारखी उडते. लहानशा खड्ड्यातही कंबरडं मोडतं. डॅम्पिंग (स्प्रिंगची उसळी आवरणं) चारही चाकांना पूर्ण कडक करून पाहिलं, त्रास वाढलाच. उंची चारही बाजूंना नीट लावली आहे. प्रीलोड (स्प्रिंगला बसवतानाच दिलेला दाब) किती ठेवायचा, एवढंच सांगा. पुढच्या शनिवारी मित्रांबरोबर घाटात जायचंय, त्यामुळे जरा लवकर.
'जुनं सस्पेन्शन परत बसव' असं कृपया सांगू नये. ते विकलं.

पुणेरी_क्लच
गाडी कोणती? सेट कोणता? स्प्रिंग किती किलोची, म्हणजे १ मिमी दबायला किती किलो लागतात? टायर कोणते? यातलं काहीही न सांगता 'एवढंच सांगा'! डॉक्टरला फोन करून 'दुखतंय, गोळी सांगा' म्हणता का?

घाटवेडा
कुठला घाट? वरंधा असेल तर आधी रस्ता चालू आहे का बघा. ताम्हिणीला जाणार असाल तर सकाळी सहाच्या आत, नंतर नुसती जत्रा असते.

कोल्हापुरी_जॅक
भावा, उडतीय म्हणून डॅम्पर कडक केलास? पूर्ण कडक डॅम्पर खड्ड्यात दबत न्हाई आणि दबला तर लगेच परत येत न्हाई. ओळीनं चार खड्डे आले की चाक वरच राहतंय. आधी सगळं कडक कर, तिथनं नॉबचे क्लिक मोजत मागं ये आणि मधोमध आणून ठेव. मग बोलू. आणि गाडी सांग की.

टर्बो_तात्या
प्रीलोड कमी करा. प्रीलोड जास्त म्हणजे स्प्रिंग कडक, साधं गणित आहे. मी माझ्या हॅचबॅकला दोन आटे सैल केले, गाडी लोण्यासारखी झाली.

रोडस्टर_राव
गाडी माझ्दा एमएक्स-५, म्हणजे दोन सीटची उघडी रोडस्टर, २००२ ची, १.८. मला वाटलं आयडीवरून कळेल. सेट तैवानी आहे, ३० क्लिकचा, सेकंडहँड घेतला. स्प्रिंग १० आणि ६ किलो. घाट म्हणजे बी ५००, ब्लॅक फॉरेस्टमधला. मी स्टुटगार्टजवळ राहतो.

घाटवेडा
हात्तिच्या. मी वरंध्याचे फोटो शोधत बसलो होतो.

स्पीडब्रेकर_पीडित
एमएक्स-५ आपल्याकडे अधिकृतपणे कधी विकलीच नाही, त्यामुळे तुमचं चालू द्या. पण धागा निघालाच आहे तर विचारतो. माझ्या पोलोला ४० मिमी खाली करायचंय. आमच्या सोसायटीसमोरचा गतिरोधक पार होईल का?

पुणेरी_क्लच
@स्पीडब्रेकर_पीडित नियमात बसणारा गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तुमच्या सोसायटीसमोरचा तसा असेल तर आधी त्याचा फोटो टाका, आम्ही सगळे दर्शनाला येतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून घ्या. वेगळा धागा काढा.

कोल्हापुरी_जॅक
@टर्बो_तात्या तात्या, मान ठेवून सांगतो, पण हे चुकीचं हाय. दर मिमीला सारखंच वजन घेणाऱ्या (लिनियर) स्प्रिंगचा कडकपणा प्रीलोडनं बदलत न्हाई. ह्या गाडीचं वजन साधारण १०६५ किलो. एका कोपऱ्यावर, चाकाचं स्वतःचं वजन सोडून, २३५ धरा. विशबोनमुळं (चाक धरणारा आडवा हात) स्प्रिंगवर त्याहून जास्त येतं. रेशो ०.७ धरला, म्हणजे चाक १ मिमी हललं की स्प्रिंग ०.७ मिमी, तर ३३५ किलो. ६ किलोची स्प्रिंग ३३५ ला ५६ मिमी दबणार. १० मिमी प्रीलोड दिला तर पहिले ६० किलो ती हलणार न्हाई, मग ४६ मिमी दबंल. एकूण परत ५६ च! फरक एवढाच की गाडी वर उभी राहती. तुमची हॅचबॅक सैल केल्यावर खाली बसली आसंल, म्हणून बरी वाटली.

टर्बो_तात्या
गणित तुम्ही करा, आम्ही गाडी चालवतो. बुडाला फरक कळतो.

खवचट_काकू
बुडाची साक्ष कोर्टात चालत नाही हो तात्या. हलकेच घ्या.

अनुभवी_आजोबा
आमच्या प्रीमियर पद्मिनीला पुढे कॉइल आणि मागे पाटे होते. सात माणसं आणि हापूसच्या चार पेट्या घेऊन कशेडी चढायची. कधी क्लिक मोजले नाहीत. दर पावसाळ्यानंतर पाट्यांना ग्रीस, बास. आताची पोरं चालती गाडी उघडतात आणि मग रडतात.

नेकारकाठचा
मीही जर्मनीतलाच, म्हणून थोडं सविस्तर. राव, हे टीयूव्हीकडे (इथली वाहन तपासणी संस्था) नोंदवलंय का? प्रमाणपत्र, म्हणजे टाइलगुटआख्टेन, असेल तर इथल्या वाहन नियमावलीच्या परिच्छेद १९(३) खाली तपासून नोंद होते. नसेल तर परिच्छेद २१ ची स्वतंत्र तपासणी, आणि ती खिशाला आणि डोक्याला दोन्हीकडून लागते. नोंद न करता चालवलीत तर गाडीचा परवानाच रद्द धरला जाऊ शकतो, आणि अपघात झाला तर विमावाले हात वर करतील.
खरं तर हे विकून केडब्ल्यू कंपनीचा व्ही३ कॉइलओव्हर घ्या. फिश्टेनबेर्गला बनतो, तुमच्यापासून फार लांब नाही. दाबण्याचं आणि उसळण्याचं डॅम्पिंग वेगवेगळं लावता येतं.

कोल्हापुरी_जॅक
हातातलं बिघडलंय कशानं ते कळायच्या आधी नवीन घ्यायला सांगू नका. व्ही३ ला बटणं दुप्पट, मग घोळ पण दुप्पट. ज्याला ३० क्लिकमधला मधला सापडंना त्याला दोन नॉब कशाला?

नेकारकाठचा
म्हणजे स्वस्तातलं घेऊन वर्षभर जॅकवर आडवं पडायचं? माझा बिल्स्टाइनचा बी१४ सेट सात वर्षं झाली चालू आहे. त्याला डॅम्पिंगचा नॉबच नाही, त्यामुळे चुकायलाही जागा नाही.

कोल्हापुरी_जॅक
मग तेच सांगा की, व्ही३ का सांगताय? ते जाऊ दे. राव, तीन गोष्टी सांग. एक, उंची कशानं लावलीस? स्प्रिंगखालच्या रिंगनं का खालचा ब्रॅकेट फिरवून? दोन, विशबोनचे बोल्ट आवळताना गाडी हवेत होती का चाकांवर? तीन, मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंत किती मिमी?

रोडस्टर_राव
१) दोन्हीनं. मागून गाडी खूपच वर उभी राहत होती, म्हणून मागची रिंग तळापर्यंत नेली. पुढून उलट, फार खाली बसली, म्हणून रिंग बरीच वर चढवली.
२) जॅकवर असतानाच आवळले. नाहीतर हात कसा पोचणार?
३) पुढे ३२५, मागे ३३०.
मागे जॅक लावला की स्प्रिंग सैल होऊन खुळखुळते. ते नॉर्मल आहे ना?

पुणेरी_क्लच
नॉर्मल?!

कोल्हापुरी_जॅक
दुसरं आधी मिटवतो. विशबोनच्या सांध्यातल्या बुशांचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतंय. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला की ते रबर त्याच जागी पकडलं जातं. गाडी खाली आली की रबराला कायमचा पीळ, म्हणजे फुकटची एक जादा स्प्रिंग. वर रबर लवकर फाटतंय. सगळे बोल्ट सैल कर, चाकांखाली फळ्या घाल, गाडीचं वजन चाकांवर येऊ दे, मग आवळ.
पण पहिलं उत्तर मला खटकतंय. हिचं वजन पुढं-मागं जवळजवळ निम्मं-निम्मं. मग मागून एवढी वर आणि पुढून एवढी खाली का बसावी? १० किलोच्या स्प्रिंग कुठं हायत?

रोडस्टर_राव
पुढे असणार ना. तसंच असतं.

कोल्हापुरी_जॅक
'असणार' नको. स्प्रिंगवर आकडे छापलेले असत्यात. चाक काढ आणि वाच. अजून एक, ओल्या रस्त्यावर मागचा भाग सुटतो का?

रोडस्टर_राव
हो, मागच्या आठवड्यात पावसात चौकाच्या गोल वळणावर मागचा भाग अचानक गेला. वेग फार नव्हता. मला वाटलं टायर जुने झाले, नवीन मागवलेत. हे सस्पेन्शनच्या प्रश्नात येतं असं वाटलं नाही.

खवचट_काकू
जीवावर बेतलेलं चौथ्या प्रतिसादात, आणि शनिवारी मित्रांना घेऊन घाट. छान.

तरुण_अभियंता
दादा, जर्मनीत कशावर गेलात? ब्लू कार्ड की मास्टर्स? जर्मन भाषेचं बी१ पुरतं का? प्लीज व्यक्तिगत निरोप करा.

रोडस्टर_राव
चाकं काढली. मागच्या स्प्रिंगवर ६२-१८०-०१०. पुढच्यावर ६२-१८०-००६.

पुणेरी_क्लच
आतला व्यास ६२, लांबी १८०, रेट १०. मागे. बोंबला.

कोल्हापुरी_जॅक
घावलं! पुढच्या मागं, मागच्या पुढं. हिशोब बघ, ३३५ किलोला १० ची स्प्रिंग ३३ मिमीच दबती, ६ ची ५६. फरक २३ मिमी, चाकापाशी तीसच्या वर. म्हणून मागून वर, पुढून खाली. ते लपवायला तू रिंगा फिरवल्यास आणि मापं बरोबर आली म्हणून उंची 'नीट' वाटली. मागची स्प्रिंग खुळखुळायला लागली, पुढचा डॅम्पर बंप स्टॉपवर (प्रवास संपतो तिथला रबरी ठोकळा) टेकायला आला आसंल. आणि मागनं ढकलणाऱ्या गाडीला मागं एवढी कडक स्प्रिंग म्हणजे वळणावर बाहेरच्या मागच्या टायरवर सगळा बोजा. ओल्यात ती जाणारच. नवीन टायर घालूनही गेलीच असती.
विकणाऱ्यानं तसंच दिलं होतं का?

रोडस्टर_राव
...नाही. धूळ-रबरं फाटली होती म्हणून मीच चारही खोलले होते. हॉलमध्ये, वर्तमानपत्रावर. चारही स्प्रिंग एकाच लांबीच्या, एकाच रंगाच्या. मध्येच बायकोने जेवायला हाक मारली.

खवचट_काकू
आलं का बायकोवर!

नेकारकाठचा
प्रमाणपत्र मिळालंय का सेटबरोबर? त्यात पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या स्प्रिंगवरचे आकडे वेगवेगळे लिहिलेले असतात. टीयूव्हीचा माणूस टॉर्च मारून तेच ताडून बघतो.

रोडस्टर_राव
आहे. १४ पानं जर्मन, उघडलंच नव्हतं. आत्ता बघितलं. तिसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलंय, पुढे ०१०, मागे ००६. नोंद अजून केलेली नाही.

नेकारकाठचा
मग नोंद होईपर्यंत बी ५०० विसरा. क्रम असा ठेवा: स्प्रिंग बदला, उंची कागदात दिलेल्या मर्यादेत लावा, शे-दोनशे किलोमीटर शांतपणे चालवून परत मोजा, मग चाकांचं अलाइनमेंट, मग टीयूव्ही. अलाइनमेंट उंचीच्या आधी केलंत तर पैसे पाण्यात, उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकाची दिशा) दोन्ही हलतात. तुमच्या गाडीला विशबोनवर ते जुळवायचे कॅम बोल्ट आहेत, पण वीस वर्षांच्या जर्मन हिवाळी मिठाने ते गंजून बसलेले असणार. आठवडाभर आधीपासून तेल मारत राहा.

टर्बो_तात्या
म्हणजे शेवटी स्प्रिंगचाच प्रॉब्लेम होता. मी पहिल्यापासून स्प्रिंगच म्हणत होतो.

कोल्हापुरी_जॅक
तात्या, नमस्कार घ्या.
राव, परत बसवताना स्प्रिंग हातानं सैल लागणार न्हाई इतपत रिंग वर घे, एक-दोन मिमी प्रीलोड पुष्कळ झाला. उंची खालच्या ब्रॅकेटनंच लाव, म्हणजे डॅम्परचा प्रवास खाल्ला जात न्हाई. डॅम्पिंग पूर्ण कडकपासून मागं १५ क्लिक, आणि मागं अजून दोन-तीन मऊ. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि वहीत लिही. जेवायच्या आधी लिही.

रोडस्टर_राव
रविवार रात्र. स्प्रिंग अदलाबदल केल्या, बोल्ट फळ्यांवर गाडी ठेवून आवळले, क्लिक १५ आणि १८. गाडी वेगळीच झाली. कडक आहे, पण उडत नाही, आणि मागचा खुळखुळाट गेला. पुढे डाव्या बाजूला डॅम्परच्या दांड्यावर तेलाचा ओलावा दिसतोय. पुसला की थोड्या वेळाने परत येतो. घाट रद्द. जॅकभाऊ, कोल्हापूरला आलो की तांबडा-पांढरा माझ्याकडून.

कोल्हापुरी_जॅक
ओलावा म्हणजे सील गेलं. बंप स्टॉपवर आपटून गेलं का आधीपासनंच हुतं, आता सांगता येणार न्हाई. ते एकच बदलून घे, पण टीयूव्हीच्या आधी.

नेकारकाठचा
म्हणून म्हणत होतो, व्ही३.

स्पीडब्रेकर_पीडित
माझ्या पोलोचं कुणी सांगितलंच नाही. मोजून आलो, आमचा गतिरोधक २२ सेंमी आहे.