मदत हवी आहे : इंजिन परत बसवल्यावर शाफ्टशी जुळत नाही

नमस्कार मंडळी. आमची लाकडी मच्छीमार बोट हर्णेला किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवली आहे. पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात इंजिन उतरवून गिअर उघडला, आता सगळं परत बसवलंय. पण कपलिंग (गिअर आणि पंख्याचा शाफ्ट जोडणाऱ्या दोन चकत्या) काही जुळत नाही. बोल्ट सोडून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावला तर वर ०.१० मिमी आणि खाली जवळजवळ ०.५० मिमी फट. कपलिंग ६ इंची आहे, म्हणजे ०.१५ मिमीच्या आत फरक यायला हवा ना?

शाफ्ट अर्धा वळसा फिरवून पाहिला, फट खालीच राहते. म्हणजे कपलिंग वाकलेलं नसावं. पुढच्या फाउंडेशनखालची पॅकिंग काढून इंजिनाचं तोंड खाली घेतलं की फट कमी होते, पण मग बोल्टची भोकं सरकतात. दोन दिवस हाच खेळ चाललाय, बाबा तर चिडून घरी गेले.

आता विचारायचं असं : ग्लँडच्या (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारा भाग) पुढे लोंबणाऱ्या शाफ्टला खालून टेकू देऊन मापं घ्यावीत का? आणि शेवटचं अलाइनमेंट पाण्यात उतरवल्यावरच करावं, असं तांडेल (बोट चालवणारे प्रमुख) म्हणतात. लाकूड फुगायला किती दिवस द्यावेत? गेल्या वेळी घाई केली आणि ग्लँड सारखी गळत होती.