अक्कलदाढ, भूल आणि नंतरचे काही तास

गेल्या महिन्यात माझ्या खालच्या दोन्ही अक्कलदाढा पूर्ण भूल देऊन काढल्या. जाग आली तेव्हा मी हुंदके देऊन रडत होते म्हणे. आईनं हात धरला तर झिडकारला. वारज्याला घरी पोचेपर्यंत रिक्षात तिला एकच विचारत होते, "झालं का गं ऑपरेशन?" मला यातलं काहीच आठवत नाही. आईला सगळं आठवतं, आणि त्या रात्री ती झोपली नाही. दुसऱ्या दिवशी भूलतज्ज्ञांना फोन केल्यावर कळलं, की आधी दिलेल्या मिडाझोलॅम या गुंगीच्या औषधामुळे त्यानंतरचं लक्षात राहत नाही आणि शुद्धीवर येताना काहींना असं रडू येतं. हे आईला आदल्या दिवशी कुणी सांगायला हवं होतं. तुमच्यापैकी कुणाला असं काही झालं असेल तर लिहा, बारीकसारीक असलं तरी.

नारायण पेठेतून: वय ५८, बीपीची गोळी चालू. माझी फक्त जागा बधीर केली होती. सुई दिली आणि लगेच छाती धडधडायला लागली, हात लटलट कापायला लागले. वाटलं, संपलं. डॉक्टरांनी खुर्ची आडवी केली, नाडी धरली. म्हणाले, "काका, लिग्नोकेनसोबत, म्हणजे बधीर करायच्या औषधासोबत, थोडं ॲड्रेनॅलिन असतं, रक्त कमी जावं आणि बधिरपणा टिकावा म्हणून. उतरेल आत्ता." दहा मिनिटांत उतरलं. पुढच्या खेपेला मी हे आधीच सांगितलं. सुई अगदी सावकाश दिली, काही झालं नाही.

हडपसरहून: दाढ बधीर करायची सुई घेऊन आल्यावर आमच्या ह्यांचा उजवा डोळाच मिटेना, तोंडही एका बाजूला ओघळलं. सासूबाईंनी अर्धांगवायू म्हणून देव पाण्यात ठेवले. तशीच रिक्षा करून परत गेलो. हात-पाय, बोलणं तपासून डॉक्टरांनी सांगितलं, की औषध कानाजवळच्या लाळग्रंथीत गेलं, तिथूनच चेहऱ्याची नस जाते. डोळा कोरडा पडू नये म्हणून झाकून ठेवला. तीन तासांनी मिटला. घरी थांबून वाट पाहिली नाही हे बरंच केलं, असं मला अजून वाटतं.

धायरीहून: लहान मुलं असतील तर एवढंच, बधिरपणा जाईपर्यंत खायला देऊ नका. आमच्या सहा वर्षांच्या लेकीनं स्वतःचा ओठ चावून चावून सुजवला. तिला कळतच नव्हतं.

औंधहून: मला दोन दिवस वाटत होतं, भूल उतरलीच नाही. मग कळलं, खालच्या अक्कलदाढेला लागूनच जिभेची नस असते, ती दुखावली. आज सातवा आठवडा. अमृततुल्यच्या चहाचा चटका अजून डाव्याच बाजूला कळतो. गेल्या रविवारपासून मात्र उजव्या टोकाला मुंग्या येतायत. डॉक्टर म्हणाले, नस जागी होतेय. मी दिवसातून दहादा जीभ दातांवर घासून बघते.