मदत हवी आहे: आईच्या बंगईचं (झोपाळ्याचं) पॉलिश अडलंय, पाइनवर चट्टे आणि लॅकरवर पांढरी झाक

नमस्कार. मी नागपूरला मानेवाड्यात राहते. आईची बंगई नव्याने करून घेतली आहे आणि पॉलिश मी घरीच करतेय. काम निम्म्यावर अडकलंय आणि पाऊस यायच्या आत ते हातावेगळं करायचंय, म्हणून सविस्तर लिहिते.

जुन्या बंगईच्या पाटाला उधई लागली होती, पितळी साखळ्या तेवढ्या धड होत्या. लकडगंजातल्या एका आरामशीनवरून सागाच्या फळ्या कापून आणल्या आणि ओळखीच्या सुतारकाकांनी तीन फळ्या जोडून पाट केला. सहा फूट लांब, दोन फूट रुंद. टेकण आणि दोन्ही बाजूचे हात सागात फार महाग पडत होते, म्हणून ते पाइनचे केले. पॉलिशवाले सगळे लग्नसराईच्या कामात अडकलेले. कच्ची बंगई महिनाभर भिंतीला टेकून उभी होती, शेवटी मीच पेपर हातात घेतला.

80 नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात केली, मग 120, मग 180, सगळं रेषेच्या दिशेने. भुसा झाडून फडक्याने पुसला. मग अक्रोड रंगाचा तयार स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लावला, पण आधी फक्त पाटाच्या खालच्या बाजूला आणि एका हातावर.

सागावर रंग सुरेख बसला. फक्त फळ्यांच्या सांध्यालगत बोटभर रुंदीचा फिका पट्टा राहिलाय, आणि एका जागी तर अख्ख्या अंगठ्याचा ठसा दिसतो, रेषांसकट, आजूबाजूला तपकिरी आणि ठसा तेवढा पांढुरका. तिथे दोनदा स्टेन लावला. बसतच नाही, फडकं फिरवलं की निघून येतो.

पाइनच्या हाताची गत त्याहून वाईट. कुठे काळपट, कुठे बिस्किटासारखा फिका, गाठींभोवती चट्टे, आणि जिथे लाकूड आडवं कापलंय ते टोक जवळजवळ काळं झालं. तरीही पुढे काय होतं ते पाहावं म्हणून त्याच हातावर लॅकरचा (वरच्या पारदर्शक पॉलिशचा) एक कोट मारला. दुपारचे दोन वाजले होते, बाहेर 45 च्या वर, म्हणून बैठकीत कूलर लावून बसले होते. दहा मिनिटांत वर दुधाळ झाक आली, काचेवर वाफ धरावी तशी. दोन दिवस झाले, गेलेली नाही.

बंगई लागणार ओसरीत. ओसरी पश्चिमेची, चारनंतर थेट ऊन येतं, पावसाळ्यात शिंतोडेही. आई 78 वर्षांची आहे, तिची अर्धी दुपार बंगईवरच जाते. चहाचा कप पाटावरच ठेवते, तेल लावलेलं डोकं टेकणाला टेकवते. तिला हे करू नको, ते करू नको असं सांगावं लागेल असं पॉलिश मला नको आहे. शेजारच्या काकू म्हणतात, घाण्याचं जवसाचं तेल चोळ, बाकी काही लागत नाही. हे खरं का? आणि खराब झालेला हात पुन्हा पेपर मारून पहिल्यापासून करावा लागेल का?

जुना कारागीर

ताई, तो फिका पट्टा म्हणजे फेविकॉल होय. सांधा आवळताना बाहेर आला, काकांनी अंगठ्याने पुसला आणि तो लाकडाच्या छिद्रात बसला. त्यावर कोणताच स्टेन चढणार नाही. कोमट पाण्याचं फडकं थोडा वेळ ठेवा, नरम झाला की पटाशीची धार उभी धरून खरवडा, वाळू द्या, मग 120 आणि 180. वरची बाजू अजून कोरी आहे ना? तिच्यावर स्टेन लावायच्या आधी थिनरचं फडकं फिरवा. जिथे गोंद असेल तिथे ओलं लाकूडही फिकं दिसतं, म्हणजे आधीच कळतं. थिनर उडून गेलं की लाकूड होतं तसं.

पांढरी झाक कूलरमुळे आली. थिनर झपाट्याने उडतं तेव्हा पृष्ठभाग गार पडतो, आणि कूलरच्या हवेतली ओल त्या ओल्या थरात धरते. साधं एनसी (नायट्रोसेल्युलोजचं, नुसतं थिनर उडून वाळणारं) लॅकर असेल तर पेपर मारायची गरज नाही. सकाळी कूलर बंद ठेवून रिटार्डर थिनरचा (हळू उडणाऱ्या थिनरचा) अगदी पातळ कोट फिरवा. थर पुन्हा सैल होतो, ओल निघून जाते. डब्यासोबत हार्डनर (पॉलिश पक्कं करणारा द्रव) मिसळायला दिला असेल तर ते मेलामाईन जातीचं पॉलिश असावं. ते एकदा पक्कं झालं की थिनरने सुटत नाही, मग घासूनच काढावं लागतं.

नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) दुपारी ब्रश हातात घेऊच नका. थिनर इतकं लवकर उडतं की ब्रशच्या रेघा तशाच राहतात. उन्हात तर फोडच येतात. सकाळी सात ते नऊ, सावलीत.

पळसलाख

मी गोंदियाकडची. आमच्या भागात पळसावर लाख घेतात, त्यामुळे माझं उत्तर चपडीकडेच (स्पिरिटमध्ये विरघळवून लावायच्या लाखेकडेच) जाणार! पाइनमध्ये नरम आणि कडक पट्टे आलटून पालटून असतात. नरम पट्टा रंग पितो, कडक पीत नाही, म्हणून चट्टे. स्टेनच्या आधी चपडीचा पातळ कोट द्यायचा, एक लिटर स्पिरिटला 60 ते 100 ग्रॅम, त्याहून दाट नको. मेण खाली बसेपर्यंत न हलवता ठेवा, वरचं निवळ तेवढंच घ्या. मेण राहिलं तर वर पीयू (पॉलियुरेथेनचा पारदर्शक कोट) नीट धरत नाही. वाळलं की 220 चा पेपर हलका फिरवून स्टेन. कापलेल्या टोकाला आधीच 320 पर्यंत घासा, म्हणजे ते कमी पितं. तुमचा तो हात मात्र कोऱ्या लाकडापर्यंत घासावा लागेल. रंग आत गेलाय, वरून काही करून तो सारखा होणार नाही. म्हणजे लॅकर आपोआपच निघेल.

आणि सागाला स्टेन कशाला लावता? थिनरने ओला केला की जो रंग दिसतो, जवळपास तोच पारदर्शक कोटखाली येतो. सागाला सागासारखा राहू द्या आणि पाइन त्याच्या जवळ आणा. उलटं करायला गेलात तर दोन्ही बिघडतील. उरलेल्या तुकड्यांवर शेवटच्या कोटसकट करून बघा, कारण वरच्या कोटने रंग गडद होतो.

जवसाच्या तेलाबद्दल काकूंचं अर्धं बरोबर आहे. जवस हवेने वाळतं, शेंगदाण्याचं तेल कधीच वाळत नाही. पण घाण्याचं कच्चं तेल वाळायला कित्येक दिवस घेतं आणि तोवर धूळ धरतं. रंगाच्या दुकानातलं बेलतेल (लवकर वाळेल असं तयार केलेलं जवसाचंच तेल) लवकर वाळतं, पण ओसरीतल्या ऊन-पावसात ते पुन्हा पुन्हा लावत राहावं लागेल. लावलंच तर तेलाची फडकी बोळा करून टाकू नका. तेल वाळताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो, आपल्याकडच्या उन्हात तर नक्कीच जपायला हवं. फडकी पाण्यात बुडवून ठेवा.

मी (धागाकर्ती)

दोघांचे मनापासून आभार. डबा पाहिला, हार्डनर नाही, एनसीच आहे. आज पहाटे हात घासून कोरा केला, चपडीचा कोट देऊन तुकड्यावर स्टेन लावला. चट्टे जवळजवळ गेले, गाठीभोवती थोडे आहेत. सांध्यातला गोंद निघाला, अंगठाही गेला. सागाची वरची बाजू स्टेनशिवायच ठेवायची ठरवलंय. आता शेवटचा कोट कोणता, आणि खालच्या बाजूला तो लागतो का? ती कोणाला दिसणार नाही.

जुना कारागीर

लागतोच. जितके कोट वर तितकेच खाली, साखळीच्या भोकांच्या आतही. मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत, जूनअखेर दमट. एकच बाजू बंद केलीत तर उघडी बाजू ओल पिऊन फुगेल आणि दोन फुटांचा पाट वाकेल.

लॅकर आणि चपडी ओसरीत टिकत नाहीत, चपडीवर तर गरम कपाचं पांढरं वर्तुळ उठतं. बाहेरच्या वापराचं, ऊन सोसणारं दोन डब्यांचं पीयू घ्या. साग तेलकट असतो, म्हणून कोटच्या अगदी आधी थिनरने पुसून घ्या. हार्डनर मिसळल्यावर माल गरमीत लवकर घट्ट होतो, थोडाथोडाच मिसळा. ब्रशनेच लावा आणि मोकळ्या हवेत. घरी फवारा मारू नका, त्याला गाळणी असलेला मास्क लागतो, कापडाचा चालत नाही. तीन पातळ कोट, मध्ये 320 चा हलका पेपर. पाटाला लोखंडी वॉशर नको, ओल लागली की सागावर निळा-काळा डाग धरतो. साखळ्या पितळी आहेत तर वॉशरही पितळीच बसवा.

स्पर्शाला वाळलेलं वाटलं तरी पूर्ण कडक व्हायला आठवडा धरा.

मी (धागाकर्ती)

वॉशर लोखंडीच आणले होते, आज इतवारीतून बदलून आणते. आठवडाभर आईची खुर्ची ओसरीतच टाकते, साखळ्यांच्या बाजूला. पहिला कोट उद्या सकाळी सातला.