फेलोशिपला मराठीत काय म्हणायचं? सहवास, सहभागिता की मंडळी?

प्रश्न
मिस्टरांची बदली झाली म्हणून आम्ही नगरहून पुण्याला आलोय. नगरला एखाद्या रविवारी चर्चला गेलो नाही तर संध्याकाळी कुणीतरी घरी येऊन विचारायचंच, तब्येत बरीये ना म्हणून. इथे तसं काही शोधतेय. शेजारणीला म्हटलं फेलोशिप शोधतेय, तर तिला वाटलं पीएचडीला पैसे मिळतात ती. बायबलात सहवासही आहे, सहभागिताही आहे, आणि आजी नुसतं मंडळी म्हणायची. बोलताना कुठला वापरायचा?

प्रतिसाद
मूळ ग्रीक शब्द कोइनोनिया, म्हणजे एखाद्या गोष्टीत मिळून वाटा असणं. मराठी बायबलात त्याला एकच शब्द नाहीये. प्रेषितांची कृत्ये २:४२ ला सहवास, २ करिंथ १३:१४ ला पवित्र आत्म्याची सहभागिता (उपासनेच्या शेवटी पाळक आशीर्वाद देतात तोच, त्यामुळे कानात बसलेला), आणि १ योहान १:३ ला चक्क भागी. मला भागी फार आवडतो, सुखदुःखात वाटेकरी असल्यासारखा, पण आज कुणी तसं बोलत नाही. सहभागिता प्रार्थनेत शोभतो, घरात नाही. नुसता सहवास म्हटलं की लोकांना नवराबायकोचा वाटतो. तुमच्या आजीचाच शब्द बरोबरे, माणसं म्हणजे मंडळी.

प्रतिसाद
मंडळी बरोबर, पण नवीन गावात कुठला शब्द टाकून विचारता त्यावर कुठे पोचाल ते ठरतं हे लक्षात घ्या. फेलोशिप कुठेय असं विचारलंत तर लोक बहुतेक स्वतंत्र किंवा पेंटेकॉस्टल गटांकडे पाठवतील, हॉलमध्ये किंवा कुणाच्या घरी जमणारे, भेटल्यावर प्रेझ द लॉर्ड म्हणणारे, तिथे प्रेम खूप मिळतं पण गाणी बऱ्याचदा हिंदी-इंग्रजी. मिस्सा म्हणालात तर कॅथलिक चर्चला, वसईकडच्या लोकांचा तो रोजचा शब्द. तुम्ही नगरच्या, म्हणजे १८३१ ला तिथे सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या वळणात वाढलेल्या असाल आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं कानावर हवी असतील, तर सरळ विचारा, मराठी उपासना किती वाजता? गुरुवार पेठेत पंचहौदला जाऊन बघा (१८९० ला मिशनऱ्यांकडे चहा घेतल्यावरून लोकमान्य-रानड्यांवर गदारोळ झाला तेच पंचहौद मिशन). आणि उपासना संपल्यावर लगेच निघू नका प्लीज, ओळखी बाहेर आवारातच होतात, महिला मंडळ कुठल्या वारी आणि घरप्रार्थना कुणाकडे हे तिथेच कळतं, नुसतं येऊन बसून गेलं तर वर्षभर कुणाला तुमचं नावसुद्धा माहीत होणार नाही. जुन्या चर्चचं सभासदत्वाचं पत्र आणलं असेल तर पाळकसाहेबांना द्या.

प्रश्नकर्ती
पत्र आणलंय, या रविवारी देते. अजून एक, मुलांसाठी शब्बाथ शाळा असं विचारलं तर इथे कळेल ना?

प्रतिसाद
जुन्या लोकांना लगेच कळेल, तरुणांना संडेस्कूल म्हणा. सलाम ताई, या नक्की.