मदत हवी आहे: विद्यापीठाच्या कॅम्पसमध्ये गाडीला जॅमर, दंड पगारातून कापणार म्हणे

तिसरा_मजला
आज सकाळी प्रशासकीय इमारतीसमोर गाडीला जॅमर लावला. ५०० रुपये दंड, तोही पगारातून कापणार म्हणून राहिले. मेमोवर फक्त "अनधिकृत" लिहिलंय. पार्किंगचं स्टिकर आहे माझ्याकडे! दुपारी ४ ला कॉलेजला पेपर पोहोचवायचे आहेत. लवकर सांगा.

आवक_जावक
स्टिकर कुठल्या वर्षाचं? दोनचाकीचं की चारचाकीचं? तुम्ही कायम की कंत्राटी? हे कळल्याशिवाय अर्ज कसा सांगू?

कडक_तर्री
त्या टायरची हवा काढा भाऊ, जॅमर सैल होऊन सरकतो.

गॅरेजवाला_नागपूर
असलं काही करू नका. हवा नसली की गाडीचं वजन रिमवर येतं आणि टायरची बाजू फाटते. जॅमरचा दात आधीच अलॉय रिमला टेकलेला असतो, जरा सरकवला तरी ओरखडा पडतो. वर जॅमर मोडल्याची भरपाई तुमच्याकडूनच. आधी चारही बाजूंचे फोटो काढा. नंबर प्लेट, चाक, मेमो आणि जमिनीवरचे पट्टे एकाच फोटोत आले तर उत्तम.

तिसरा_मजला
कायम आहे. स्टिकर याच वर्षाचं. गाडी नवऱ्याच्या नावावर आहे, त्याचा काय संबंध?

आवक_जावक
सगळा संबंध तोच आहे ताई. स्टिकरवर कोणता नंबर आहे?

तिसरा_मजला
स्कूटीचा. स्कूटी विकली. तेच स्टिकर कारच्या काचेला लावलं.

आवक_जावक
म्हणजे जुन्या गाडीचं स्टिकर नव्या गाडीवर. गार्ड नोंदवहीत नंबर जुळवतो, स्टिकरचा रंग पाहत नाही. आज साध्या कागदावर कुलसचिवांच्या नावे अर्ज करा, "मार्फत विभागप्रमुख" लिहून. जोडपत्रं तीन: आरसीची प्रत, ओळखपत्राची प्रत, आणि गाडी पतीच्या नावावर असून तुम्हीच वापरता असं स्वयंघोषणापत्र. दोन प्रती न्या. दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. नुसती सही चालत नाही, नंतर "आलाच नाही" म्हणायला मोकळे.

लेजरकीपर
पगारकपातीचं वेगळं पत्र द्या, त्याच अर्जात कोंबू नका. एवढंच विचारा: कोणत्या परिपत्रकानुसार, क्रमांक व दिनांक काय, रक्कम कोणत्या लेखाशीर्षात (हिशोबाच्या खात्यात) जमा होते. प्रत वित्त व लेखा अधिकाऱ्यांना. पगाराची बिलं तयार होण्याआधी पोहोचली पाहिजे, नंतर कपात थांबवायला पुढचा महिना उजाडतो.

माहिती_अधिकारी_नाही
आरटीआय टाका. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, राज्याच्या नियमानुसार एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. "असा निर्णय का घेतला" विचाराल तर उडवून लावतील, नोंदीत असलेलंच मागता येतं. म्हणून मागा: परिपत्रकाची प्रमाणित प्रत, व्यवस्थापन परिषदेचा ठराव, प्रवर्गनिहाय दिलेल्या स्टिकरांची संख्या, आखलेल्या जागांची संख्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

लेजरकीपर
बाईंना ४ वाजता पेपर पोहोचवायचेत आणि तुम्ही ३० दिवस सांगून राहिले.

माहिती_अधिकारी_नाही
स्टिकर आणि जागा यांचा आकडा बाहेर आला की जॅमर आपोआप थंडावतात. ९०० स्टिकर वाटून ३०० जागा असतील तर चूक कोणाची? (आकडे उदाहरणादाखल.)

९०_अंश
जागा कमी नाहीत, आखणी चुकलेली आहे. कारला २.५ बाय ५ मीटर लागतात. पट्टे २ मीटरवर मारले की १.८ मीटरच्या एसयूव्हीचं दार उघडत नाही, माणूस गाडी तिरपी लावतो आणि दोन जागा खातो. सरळ लावायला समोर ६ मीटर रस्ता हवा. तेवढा नसेल तर ४५ अंशांत आखा आणि रस्ता एकेरी करा. चुना नको, थर्मोप्लास्टिक पट्टे मारा. चुना पहिल्याच पावसात वाहून जातो.

कडक_तर्री
४५ अंशांत गाड्या कमी बसतात ना?

९०_अंश
त्याच लांबीच्या ओळीत कमी बसतात, हो. पण रस्ता अरुंद चालतो, म्हणून कधीकधी आणखी एक ओळ निघते. मोजपट्टी घेऊन बघा, वाद घालू नका.

मेट्रोप्रेमी
गाडी आणताच कशाला? खापरीकडून या, सीताबर्डीला लाईन बदला, पुढे शेअर ऑटो.

तिसरा_मजला
पेपरांचे गठ्ठे घेऊन? ४५ डिग्री उन्हात?

गॅरेजवाला_नागपूर
४५ वरून आठवलं, कडुलिंबाखाली लावली तर पाखरांची घाण त्याच दिवशी पाण्यानं भिजवून काढा. वाळल्यावर कोरडं फडकं मारलं तर रंग जातो.

आवक_जावक
ताई, अर्जात जागेचं वर्णन लागेल. नेमकी कुठे होती गाडी?

तिसरा_मजला
रॅम्पच्या बाजूला. चांगली रुंद जागा होती, सकाळी तेवढीच रिकामी. खाली काहीतरी निळं पुसट होतं.

९०_अंश
३.६ मीटर रुंद? ती अपंगांची राखीव जागा आहे. चाकाची खुर्ची बाजूनं उतरावी म्हणून तेवढी रुंद ठेवतात.

आवक_जावक
मग दंडावर भांडू नका. ५०० रोख भरा, पावतीवर गाडीचा नंबर लिहून घ्या आणि त्या पावतीची प्रत लेखा विभागात द्या, म्हणजे पगारातून परत कापणार नाहीत. आरटीआय राहू द्या. अर्ज फक्त नवीन स्टिकरचा. पावती दाखवली की जॅमर निघतो, सुरक्षा कार्यालय जेवणाला बंद व्हायच्या आत गाठा.

कडक_तर्री
स्कूटी कितीला गेली?