जपानी प्रौढ सिनेमातला आडोसा: सौंदर्यदृष्टी की पोलिसांची धास्ती?

पारिजात: निक्कात्सु स्टुडिओने १९७१ ते १९८८ या काळात ‘रोमान पोर्नो’ नावाने प्रौढांसाठी सिनेमे काढले. कमी खर्च, तासा-सव्वा तासाची लांबी, ठरावीक अंतराने प्रणयदृश्य हवंच. बाकी दिग्दर्शकाला मोकळं रान. त्यातले तात्सुमी कुमाशिरो या दिग्दर्शकाचे काही पाहिले. कॅमेऱ्याच्या पुढ्यात मुद्दाम आणलेली एखादी वस्तू, किमोनोच्या घड्या, या आडोशामुळे शृंगार गहिरा होतो. झाकण्यातली ही गोडी जपानी वृत्तीतच आहे, असं माझं मत.

दगडफूल: ‘वृत्तीतच’ला माझा साफ विरोध. तिथल्या दंडसंहितेचं कलम १७५ अश्लीलतेबद्दल आहे, आणि १९७२ मध्ये याच स्टुडिओवर पोलिसांची धाड पडली होती. ती वस्तू पुढ्यात आली ती या धास्तीने. एदो काळातली (सतरावं ते एकोणिसावं शतक) शुंगा, म्हणजे शृंगारिक चित्रं बघा, उतामारो, होकुसाई या चित्रकारांची. अंगभर किमोनो, त्यावरची नक्षी अगदी जीव लावून काढलेली, आणि उघडं काय? नेमकं गुप्तांग, तेही प्रमाणाबाहेर मोठं!

पारिजात: शुंगाचा मुद्दा बिनतोड, ‘वृत्ती’ मागे घेते. पण धास्तीपोटी आलेला आडोसा चांगल्या दिग्दर्शकाच्या हाती पडला की त्याची कला होते, यावर मी ठाम आहे.

ओलीमाती: आडोसा नसतानाही होते की. दिग्दर्शक नागिसा ओशिमांचा ‘आई नो कोरिदा’ (१९७६, इंग्रजीत ‘इन द रेल्म ऑफ द सेन्सेस’) घ्या. सगळं उघड, म्हणून चित्रित झालेली फिल्म धुवायला थेट फ्रान्सला पाठवली. त्यातल्या छायाचित्रांच्या पुस्तकावरून ओशिमांवर खटला झाला, १९८२ मध्ये ते अपिलातही निर्दोष ठरले. मला मात्र त्यातलं एक पूर्ण कपड्यांतलं दृश्य सोडत नाही. १९३६ साल. रस्त्यावरून सैनिकांची रांग चाललीय, कडेला लोक झेंडे हलवताहेत, आणि नायक किचिझो एकटाच उलट दिशेने चाललाय, आपल्यातच हरवलेला. बंद खोलीतलं नायक-नायिकेचं ते शृंगाराचं वेड कशाकडे पाठ फिरवून होतं, ते तिथे कळतं.

दगडफूल: दृश्य थोर आहेच. पण किंमत कोणी मोजली तेही बोला. नायक तात्सुया फुजी १९७८ मध्ये ओशिमांच्याच पुढच्या सिनेमात पुन्हा नायक. नायिका एइको मात्सुदांची कारकीर्द मात्र काही वर्षांत आटोपली. सौंदर्यावर पानंच्या पानं लिहिणारे त्यांचं नाव एका ओळीत उरकतात, याचा मला राग येतो.

पारिजात: मीही वर फक्त दिग्दर्शकाचंच नाव घेतलं. कुमाशिरोंच्या सिनेमांतल्या अभिनेत्रींवर वेगळा धागा काढते.