टर्मिनलवर पावती निघते, ब्राउझरमधून शून्य बाइट

धरमपेठकर: नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका संत्रा अडत्यासाठी पावतीचं पान केलंय. पीएचपीच्या एक्झेकमधून (स्क्रिप्टमधून बाहेरची कमांड चालवणारं फंक्शन) पीडीएफचा प्रोग्राम चालवतो. टर्मिनलवर पावती लगेच निघते, ब्राउझरमधून फाइल बनते पण शून्य बाइटची. स्क्रीनवर एरर नाही. शेतकरी माल विकून पावतीसाठी ताटकळतो, ते बघवत नाही. उबुंटू २२.०४ (लिनक्स), वेब सर्व्हर अपाची.

जुना सर्व्हरवाला: भाऊ, एक्झेकच्या तिसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये एक्झिट कोड घ्या, म्हणजे कमांड कशी संपली ते सांगणारा आकडा. १२७ म्हणजे प्रोग्राम सापडलाच नाही, १२६ म्हणजे सापडला पण चालवता आला नाही. अपाचीचा एरर लॉगही बघा.

धरमपेठकर: १२६! लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड'. प्रोग्राम माझ्या होममध्ये (माझ्या युजरच्या फोल्डरमध्ये) आहे.

जुना सर्व्हरवाला: तिथंच अडलंय. उबुंटू २१.०४ पासून नवं होम ७५० परवानगीनं (मालक आणि त्याचा ग्रुप सोडून इतरांना बंद) बनतं आणि अपाची वेगळ्या युजरनं चालतो, त्याला आत शिरताच येत नाही. ७७७ (सगळ्यांना सगळं खुलं) मात्र करू नका, कृपा करून. प्रोग्राम यूएसआर-लोकल-बिनमध्ये हलवा, ७५५ (बदल फक्त मालकाला, वाचणं-चालवणं सगळ्यांना) द्या, स्क्रिप्टमध्ये पूर्ण पाथ लिहा. शेतकऱ्याचं नाव कमांडमध्ये जात असेल तर एस्केपशेलआर्ग लावाच, म्हणजे नावातली चिन्हं कमांड म्हणून चालणार नाहीत.

धरमपेठकर: निघाली! आधी मराठी अक्षरांच्या जागी चौकोन आले. फॉन्टही माझ्याच होममध्ये होता. तो यूएसआर-शेअर-फॉन्ट्समध्ये टाकला, आता 'कळमना'तला ळ स्वच्छ उमटतो.